बायपास सिकेटर, आठ-नऊ महिन्यांनंतर: पातं उत्तम, स्प्रिंगने जीव खाल्ला

‘स्प्रिंग सुटी मिळत नाही, नवीन सिकेटर घ्या,’ असं विकणाऱ्याने फोनवर सांगितलं आणि डोकं फिरलं. सिकेटर म्हणजे फांद्या छाटायची हातकात्री. सातशेच्या वर पैसे मोजलेत. पात्याला अजून एक खाच नाही, आणि बोटाच्या दोन पेरांएवढ्या तारेपायी सगळं भंगारात द्यायचं?

कामाला हत्यार चांगलं आहे, ते आधी सांगतो. आमची जास्वंद पहिल्या मजल्याच्या खिडकीला टेकली होती. फुलं सगळी शेंड्याला, देवाला चार काढायची तर शिडी लावायची. जुना सिकेटर अ‍ॅन्व्हिलचा, म्हणजे पातं सपाट पट्टीवर दाबणारा. वाळक्या काटक्यांना ठीक. जास्वंदीची साल पडली धागेदार. ओली फांदी चिरडायची आणि साल खालपर्यंत सोलत जायची. बायपासचं पातं दुसऱ्या जबड्याला घासून पुढे जातं, काप गुळगुळीत येतो. फेब्रुवारीत सर्वांत जुनी, साधारण एक तृतीयांश खोडं करवतीने बुंध्यातून काढली. उरलेल्या फांद्या सिकेटरने कमरेइतक्या ठेवल्या, प्रत्येक काप बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या, म्हणजे नवी फूट निघते त्या कोंबाच्या, पाव इंच वर. जास्वंद नव्या फुटीवर फुलते, त्यामुळे उन्हाळ्यात फुलं हाताला आली. जानेवारीत छाटलेला मोगराही एप्रिलमध्ये भरून आला.

किती जाड फांदी कापेल ते खोक्यावर ‘25 मिमी’ लिहिलंय, त्यावर जाऊ नका. कण्हेरीच्या अंगठ्याएवढ्या फांदीलाच मनगट भरून येतं, तिथे करवतच. कण्हेर विषारी, हातमोजे घाला आणि छाटलेलं जाळू नका, धूरही वाईट. तगरीचा चीक पात्यावर चिकटतो, रॉकेलच्या फडक्याने पुसून तेलाचा थेंब सोडायचा.

आता स्प्रिंग. ती दोन खुंट्यांवर नुसती टेकवलेली आहे. मूठ जरा जास्त उघडली की निसटते. जूनमध्ये बोगनवेल छाटताना उडाली ती काट्यांत गेली, मिळाली नाही. स्प्रिंगशिवाय प्रत्येक कापानंतर मूठ दुसऱ्या हाताने उघडायची. काटेरी वेलीत तो दुसरा हात आणायचा कुठून? एका खुंटीला साधं भोक पाडून तार अडकवली असती तरी भागलं असतं. एवढाही विचार नाही!

इथवर लिहून एकच तारा देणार होतो. मग पिंपळगाव बसवंतला जाणं झालं. द्राक्षपट्टा आहे, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी सगळी सिकेटरवर चालते. शेती अवजारांच्या दुकानात स्प्रिंगा बरणीत भरून ठेवलेल्या, वीस रुपयाला एक. थोडी ताठ आहे, पण बसली चपखल. दोन जास्तीच्या घेऊन ठेवल्या.

तेव्हा पात्याला पाच तारे, विकणाऱ्याला शून्य. ऑनलाइन घेण्याआधी सुटी स्प्रिंग मिळते का ते विचारा. नाही म्हणाले तर द्राक्षवाल्यांच्या दुकानातूनच घ्या, तिथे पात्याला धारही लावून मिळते.