जुना पार्ट हातात दिला म्हणजे काम झालं असं समजू नका

गेल्या जूनमध्ये मी ३,२०० रुपये मोजले आणि त्या पैशांत माझीच चांगली मशीन खराब करून घरी आणली. ब्रश कटर, पेट्रोलवरचा फवारणी पंप, पॉवर विडर असं काही ज्यांच्या घरी आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. पेरणी उरकली की सगळ्यांच्या मशीन एकदमच बाहेर निघतात. आपण घाईत असतो आणि फसवणाऱ्याला ती घाई बरोबर कळते.

आमचं गाव परभणी जिल्ह्यात. सोयाबीन, तूर आणि थोडा कापूस. तीन वर्षांपूर्वी ४३ सीसीचा टू स्ट्रोक ब्रश कटर घेतला, कारण धुऱ्यावरचं गवत काढायला माणूस मिळेना, आणि पावसाळ्यात धुरा माजला की पोरांना त्या वाटेनं शाळेत पाठवायची भीती वाटते. तीन हंगाम मशीन दुसऱ्या-तिसऱ्या हिसक्याला चालू व्हायची. दिवाळीनंतर काम संपलं तशी ती माळ्यावर ठेवून दिली. टाकीत अर्धा लिटर पेट्रोल तसंच राहिलं.

मृगात काढली तर चोक लावला की चालू व्हायची, आणि चोक उघडला की दहा सेकंदांत बंद. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, त्याच्याखालचा रबरी फुगा दाबला तर तो दबून राहायचा, लवकर वर येईना. वीस-पंचवीस वेळा दोरी ओढून खांदा भरून आला. शेवटी मोटारसायकलवर आडवी बांधली आणि तालुक्याच्या गावी मोंढ्याजवळच्या दुकानात नेली.

मेकॅनिकनं एकदा दोरी ओढली, प्लग काढून पाहिला आणि म्हणाला, "काका, कार्बेटर गेला. पिस्टनबी धरलाय. आतून सगळं खरडलंय."

मी म्हटलं, "आरं पण चोकवर चालू व्हायलीय की."

"त्या चालण्याला काय अर्थ नाही. चार दिवसांत जाम होईल, मग क्रँकबी जाईल. आत्ताच करून घ्या."

मी संध्याकाळपर्यंत बाजारात फिरलो. परत आलो तेव्हा मशीन तयार होती. चिठ्ठीवर आकडे लिहिलेले: पिस्टन सेट १,४००, कार्बोरेटर १,२००, गॅस्केट १००, मजुरी ५००. न मागता त्यानं जुने पार्टही कागदात गुंडाळून हातात दिले. पिस्टनवर उभ्या खोल रेघा होत्या, नख अडकेल इतक्या. ते पाहिलं आणि माझा विश्वास बसला. उलट मनात आलं, माणूस सरळ आहे, पार्ट दाखवतोय. पावती मागायचं सुचलंच नाही.

मशीन एका हिसक्यात चालू झाली. आवाज तर असा कडक, जणू आत्ताच दुकानातून आणली. एक गोष्ट तेव्हाच खटकायला हवी होती. रेस सोडली तरी आवाज लगेच खाली येत नव्हता, थोडा वेळ वरच राहून मग उतरायचा. मला वाटलं, नवा पिस्टन आहे, ताकद वाढली असेल. तिसऱ्या दिवशी दुपारी धुऱ्याच्या मध्यावर एकदम आवाज बदलला, कर्रकन झालं आणि मशीन थांबली. दोरी ओढली तर हलेना.

तालुक्याला न जाता मी परभणीला गेलो. तिथं एक वयस्कर मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. चाचांनी आधी मला स्टुलावर बसवलं आणि म्हणाले, "उठायचं नाही. मी काय काय खोलतो ते बघत राहा."

सायलेन्सरचे दोन बोल्ट काढले. त्यामागच्या भोकातून बॅटरी मारली की पिस्टन दिसतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. दहा मिनिटांचंही काम नाही. आत उभ्या रेघा होत्या, ताज्या आणि चकचकीत. मग त्यांनी सिलिंडर उतरवला. खालचं गॅस्केट, म्हणजे सांध्यातली पातळ पट्टी, कंपनीचंच होतं, एकदाही न उचललेलं. पिस्टनच्या डोक्यावर तीन हंगामांचा काळा कार्बन जाड बसलेला. चाचा म्हणाले, "हा पिस्टन कुणी बदललेलाच नाही."

मी पिशवीतला 'जुना' पिस्टन काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी इंजिनावर कोरलेली अक्षरं बोटानं दाखवली: १ई४०एफ. यातला ४० म्हणजे सिलिंडरचा व्यास, ४० मिलिमीटर. ४३ सीसीच्या या जातीच्या इंजिनाला तोच असतो. ५२ सीसीवाल्यावर १ई४४एफ लिहिलेलं असतं. मग माझ्या पिशवीतल्या पिस्टनला मापाचा व्हर्नियर लावला. काटा ४४ च्या जवळ थांबला. माझ्या सिलिंडरच्या तोंडावर तो ठेवून दाखवला, आत जाईचना. जो पिस्टन माझ्या मशीनमध्ये कधी बसूच शकत नाही, तो माझा म्हणून मला दाखवला होता. दुकानात असा एक खरडलेला पिस्टन ठेवायचा आणि येईल त्या गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा.

कार्बोरेटरचंही तेच. मशीन घेतली तेव्हा विक्रेत्यानं सांगितलं होतं, हादऱ्यानं आयडलचा, म्हणजे रेस न देता इंजिन किती पळावं ते ठरवणारा, स्क्रू फिरतो, त्यावर नेलपॉलिशचा थेंब टाका. मी बायकोच्या बाटलीतला लाल थेंब टाकला होता. आता बसवलेल्या कार्बोरेटरवर तो थेंब नव्हता, कारण हा कार्बोरेटरच डुप्लिकेट होता. आणि 'जुना' म्हणून दिलेल्या गंजक्या कार्बोरेटरवरही थेंब नव्हता. माझा कंपनीचा कार्बोरेटर त्या मेकॅनिकनं ठेवून घेतला, साफ करून दुसऱ्या कुणाला तरी विकला असणार.

मशीन जाम का झाली तेही चाचांनी दाखवलं. कार्बोरेटर आणि इंजिनाच्या मधलं गॅस्केट अर्धं फाटलेलं होतं आणि फटीत सिलिकॉन भरलेलं. साध्या सिलिकॉनला पेट्रोल लागलं की ते फुगतं, सुटतं. त्या फटीतून जादा हवा आत जायची. हवा जास्त आणि पेट्रोल कमी झालं की इंजिन जोरात पळतं, म्हणून तो कडक आवाज, म्हणून रेस सोडली तरी खाली न येणं. टू स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलातूनच जातं. पेट्रोल कमी मिळालं म्हणजे ऑइलही कमी मिळालं. मी मापानं, लिटरला ४० मिली, २५ ला १ असं मिसळत होतो, तरी पिस्टन कोरडा घासला गेला.

मुळात बिघाड काय होता? चाचांनी दुसरा एक कार्बोरेटर उघडून दाखवला. चार स्क्रू काढले की आत पातळ रबरी पडदा असतो, डायफ्राम म्हणतात. इंजिनाच्या ओढीनं तो खालीवर होतो आणि सुईचं तोंड उघडून हवं तेवढं पेट्रोल आत सोडतो. नवा पडदा बोटावर ठेवला तर मऊ लोंबतो. पेट्रोल महिनोन् महिने साचून राहिलेल्या मशीनमधला पडदा वाळल्या पानासारखा खुळखुळ वाजला. पडदा कडक झाला की सुई पुरती उघडत नाही. चोक लावला की हवा कमी होते, म्हणून तेवढ्यापुरती मशीन चालते, आणि चोक उघडला की उपाशी मरते. बरोबर माझी होती तशी. पडदा, गॅस्केट आणि जाळीचा किट चाचांकडे १८० रुपयांना होता.

आणि हल्ली पेट्रोलही पूर्वीचं राहिलेलं नाही. २०२२ मध्ये १० टक्के इथेनॉल होतं, २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेलं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि जुन्या मशीनमधली रबरं त्यासाठी बनवलेली नसतात. बऱ्याच कंपन्यांच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं छापलेलं आहे. हंगाम संपला की टाकी रिकामी करा, मग मशीन चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोलही संपतं. पॉवर विडरच्या मोठ्या इंजिनाला पडदा नसतो, खाली वाटी आणि फ्लोट असतो, तिथं पेट्रोल जायच्या जेटचं बारीक भोक बुजतं. ते कुणी लोखंडी तारेनं कोरत असेल तर हात धरा, भोक मोठं झालं की मशीन पेट्रोल पीत सुटते.

मशीन चोकवरच चालत असेल तर आधी पडद्याचा किट बदलून बघा. टाकीतली जाळी आणि पेट्रोलची नळी बघा. कुणी पिस्टन गेला म्हणालाच तर सायलेन्सर काढून त्याच जागी दाखवायला लावा. मशीन सोडून बाजारात जायचं असेल तर प्लग, कार्बोरेटर आणि इंजिनावरच्या अक्षरांचे फोटो काढून ठेवा. आणि पावती घ्या. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर मला माहीत होता, पण तक्रारीला जोडायला माझ्याकडे नाव नसलेल्या एका चिठ्ठीशिवाय काहीच नव्हतं.

तरी मी ते पार्ट घेऊन त्या दुकानात गेलो. मेकॅनिक म्हणाला, "काका, तुम्ही ऑइल कमी टाकलं असंल, त्याला मी काय करू?" मी ४४ चा पिस्टन त्याच्यासमोर ठेवला. तो म्हणाला, हा मी दिलाच नाही. अर्धा तास बोलून आवाज चढले, पैसे काही मिळाले नाहीत.

मी निघणार तेवढ्यात एक म्हातारे शेतकरी पाठीवरचा फवारणी पंप घेऊन आले. मेकॅनिकनं माझ्यासमोरच एकदा दोरी ओढली आणि म्हणाला, "आजोबा, पिस्टन धरलाय."

मी आजोबांना म्हटलं, "मामा, सायलेन्सर काढून दाखव म्हणा त्याला. आत्ता, तुमच्यासमोर."

तो माझ्याकडे बघत राहिला, पाना काही उचलला नाही. मामांनी पंप परत खांद्यावर घेतला. दुसऱ्या दिवशी मी त्यांना चाचांकडे घेऊन गेलो. बॅटरीच्या उजेडात त्यांचा पिस्टन आरशासारखा गुळगुळीत होता. टाकीतली जाळी गाळानं भरली होती. ती बदलायचे चाचांनी ६० रुपये घेतले.