माझ्या वहीत न बसणारं स्थळ: ‘द लंचबॉक्स’

नात्यात आणि आमच्या सोसायटीत स्थळं सुचवायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. त्यासाठी वही आहे, वहीत रकाने: वय, शिक्षण, पगार, घर स्वतःचं की भाड्याचं. रितेश बत्राचा ‘द लंचबॉक्स’ (2013) परवा दुसऱ्यांदा पाहिला, तो असा वही डोक्यात ठेवूनच. पहिल्या वेळी सगळं लक्ष इलाच्या स्वयंपाकाकडे होतं.

साजन फर्नांडिस (इरफान खान) विधुर, क्लेम विभागात 35 वर्षं काढून निवृत्तीला टेकलेला. इला (निम्रत कौर) लग्न झालेली, शाळेत जाणाऱ्या मुलीची आई. तिने नवऱ्यासाठी दिलेला डबा साजनच्या टेबलावर जातो आणि डब्यातून चिठ्ठ्या सुरू होतात. धर्म वेगळा, वयात अख्खी पिढी मध्ये, एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नाही. असं स्थळ आलं असतं तर चहा न विचारता मी वाटेला लावलं असतं.

आता इला आणि तिचा नवरा राजीव बघा. जोडा कसा शोभून दिसतो! सगळे रकाने भरलेले. आणि डबा कसा होता विचारल्यावर हा गृहस्थ फ्लॉवरच्या भाजीचं कौतुक करतो, जी तिने केलेलीच नसते. तिथे मला मीच जमवलेली दोन लग्नं आठवली. नावं नाही सांगत.

चित्रपटाचा जीव मात्र कॅफेच्या प्रसंगात आहे. इला वाट बघत बसलेली, पाण्यावर पाणी पितेय. साजन तिथेच आहे, तिला पाहतोय, पण पुढे येत नाही. दुसऱ्या दिवशी ती रिकामा डबा पाठवते (शाब्बास!), मग तो कारण लिहितो. सकाळी न्हाणीघरात त्याला आजोबांच्या वेळचा वास आला, आणि तो म्हाताऱ्याचा वास आपलाच आहे हे उमगलं. कालचं लॉटरीचं तिकीट कोण घेतं, असं त्याचं म्हणणं. पण बाबा, तिने वय विचारलं होतं का? त्याच्याच मनात माझ्यासारखी एक वही आहे. तिच्यात त्याने स्वतःच्या नावावर काट मारली, तिला विचारलंसुद्धा नाही. इरफानने हे सगळं नुसत्या खांद्यांनी केलंय.

वरच्या मजल्यावरच्या देशपांडे काकू कधी दिसत नाहीत, फक्त भारती आचरेकरांचा आवाज. त्यांचे यजमान वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळून, नजर पंख्यावर. म्हणून काकू पंखा चालू ठेवूनच पुसतात. हा तपशील सांगून चित्रपट पुढे जातो, मी तिथेच अडकले.

एक पटलं नाही. ह्यांचा डबा बावीस वर्षं फोर्टात जायचा, झाकणावरच्या रंगाच्या खुणेवर. एकदाही चुकला नाही. इथे रोज तीच चूक? आणि राजीव फारच सपक लिहिलाय. त्याची बाजू थोडी तरी ऐकायला आवडली असती.

शेवट उघडा सोडलाय. हे मध्येच झोपले होते, उठून विचारतात, “मग भेटले का?” मी म्हटलं, नाशिकला निघालेला माणूस परत फिरलाय, डबेवाल्यांबरोबर गाडीत बसलाय. पत्ता त्यांना माहीत आहे.