परदेशात स्वयंसेवक डॉक्टर: संस्था चांगली, दुभाषे अपुरे

अर्ज केल्यावर परदेशात स्वयंसेवक डॉक्टर पाठवणाऱ्या या संस्थेने सगळ्यात आधी माझी पदवी, नोंदणी आणि कौन्सिलचं गुड स्टँडिंग सर्टिफिकेट (नोंदणी चालू आहे आणि माझ्यावर कारवाई नाही, असा दाखला) मागितलं. जिथे जायचं त्या देशाच्या मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका, असंही बजावलं. माझा विश्वास बसला तो इथेच. परवान्याचं नंतर बघू म्हणणाऱ्या संस्थांकडे मी कधीच जाणार नाही. आपल्या देशात जे चालत नाही, ते दुसऱ्यांच्या मुलांवर का चालावं?

दवाखाना तिथलीच माणसं चालवतात. मी बालरोगतज्ज्ञ असूनही तिथल्या मुख्य नर्सबाईंचं काम बघत राहावंसं वाटायचं. सहा महिने ते पाच वर्षांचं प्रत्येक मूल आधी त्यांच्याकडे. डाव्या दंडाचा बरोबर मध्य शोधून कुपोषण ओळखायची रंगीत फीत लावायची, घट्ट नाही, सैल नाही. ११५ मिलिमीटरच्या खाली लाल, १२५ च्या आत पिवळा, पुढे हिरवा. मग दोन्ही पावलांवर अंगठा दाबून सूज बघायची. लाल आलं की उपचारात्मक आहाराचं पाकीट तिथेच फोडून आईच्या हातात. मुलाने आवडीने खाल्लं आणि दुसरी काही गुंतागुंत नसली तर घरी राहून उपचार. तोंड फिरवलं तर थेट रुग्णालयात भरती. रडणाऱ्या मुलांच्या गर्दीतही त्यांची एकही पायरी सुटत नसे.

औषधांचा नियमही मला पटला. दवाखान्याच्या यादीत नाही ते लिहायचं नाही, आणि कायम घ्यायचं औषध सुरू करण्याआधी ते पुढेही मिळत राहील ना, हे विचारायचं. फिट्सचं औषध अचानक बंद पडलं तर झटके आधीपेक्षा जोराने येऊ शकतात, आणि तोवर पाहुणा डॉक्टर आपल्या घरी पोहोचलेला असतो. प्रत्येक रुग्णाचा कागद तिथल्या सहकाऱ्यांकडे राहतो, पुढची तारीख तेच देतात.

आता तक्रारी. दुभाषी फक्त सकाळी असायचा. दुपारनंतर नातेवाईकच दुभाषे. मुलाच्या तोंडून एखादी बाई अंगावरून पांढरं जाण्याची तक्रार कशी सांगेल? ती पोटदुखी सांगते आणि गोळ्या घेऊन जाते. ही उणीव मला गंभीर वाटते. दुसरं, देणगीच्या औषधांत मुदत संपत आलेली खोकी होती. देणगीतल्या औषधांची मुदत ती पोहोचताना किमान वर्षभर शिल्लक असावी, असं जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. संस्थेने अशी खोकी दारातूनच परत पाठवावीत.

राहण्याची सोय साधी, स्वच्छ.

बालरोग, स्त्रीरोग, भूल यांतल्या अनुभवी डॉक्टरांनी जरूर अर्ज करावा. आठवड्याभरासाठी मात्र नको, तेवढा वेळ नर्सबाईंचा तुम्हाला काम दाखवण्यातच जातो. मी पुन्हा अर्ज केला आहे आणि दिवसभर दुभाषी, त्यातही एक बाई, अशी मागणी सोबत लेखी जोडली आहे.