गाव तसा रकाना: पोस्टग्रेस दोन हंगाम वापरल्यावर

सावद्यात केळीची खरेदी करणाऱ्या एका पेढीचा हिशेब मी बघते. दिवसभराच्या कापणीची नोंद करायची आणि शनिवारी आठवड्याचा तक्ता काढायचा: डावीकडे तारखा, डोक्यावर गावं, आत क्विंटल. ऐकायला सोपं आहे, पण गावं ठरलेली नसतात. या आठवड्यात चिनावल, रोझोदा, कोचूर. पुढच्या आठवड्यात पाऊस पडून शेतरस्ते चिखलाचे झाले की तिकडची कापणी थांबते आणि माल निंभोरा, तांदलवाडीकडून येतो. कांदेबाग आणि मृगबाग हे केळी लागवडीचे दोन हंगाम, त्यांची गावंही वेगवेगळी. सगळ्या गावांचे कायमचे रकाने ठेवले तर निम्मा कागद कोरा जातो आणि अक्षर इतकं बारीक होतं की पेढीवरच्या नानांना चष्मा लावूनही वाचता येत नाही. त्यांना तक्ता कागदावरच लागतो, आणि सत्तरीच्या माणसाची ती मागणी रास्तच आहे.

म्हणून मला हवं होतं ते एवढंच की ज्या गावांत कापणी झाली तेवढेच रकाने यावेत, गावाच्याच नावाने, मराठीत, दर आठवड्याला क्वेरी, म्हणजे डेटाबेसला द्यायचा प्रश्न, न बदलता. या एका कामासाठी पोस्टग्रेस हा डेटाबेस कसा आहे, तेवढंच इथे सांगते.

आधी मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस होता. तिथे ग्रुप कॉन्कॅट या ओळी जोडणाऱ्या फंक्शनने गावांची यादी जोडून क्वेरीचा मजकूर तयार करायचा आणि प्रिपेअर करून चालवायचा. त्या जोडणीची मूळ मर्यादा 1024 बाइट. देवनागरीचं एकेक अक्षर तीन बाइट खातं, त्यामुळे डझनभर गावं झाली की मजकूर मध्येच तुटायचा आणि क्वेरी चुकीची ठरायची. मर्यादा वाढवता येते, पण ते कळेपर्यंत माझे दोन शनिवार गेले.

पोस्टग्रेसमध्ये आल्यावर पहिली निराशा क्रॉसटॅबने केली, म्हणजे ओळींचे रकाने करणाऱ्या फंक्शनने. नाव ऐकून वाटतं की आता रकाने आपोआप येतील. पण ते वापरताना कोणकोणते रकाने येणार, त्यांची नावं आणि प्रकार, हे सगळं आपणच हाताने लिहून द्यायचं. मग उपयोग काय? कारण मात्र समजून घेण्यासारखं आहे. क्वेरीचा आराखडा ठरतो तेव्हाच डेटाबेसला रकाने माहीत असावे लागतात. टेबलात काय आहे हे तो नंतर बघतो. पावतीपुस्तक छापखान्यातून आलं की रकाने पक्के झाले, कोणत्या शेतकऱ्याची पावती फाडायची ते नंतरचं. म्हणूनच पॅरामीटर म्हणून, म्हणजे क्वेरीतल्या मोकळ्या जागी, मूल्य पाठवता येतं, रकान्याचं नाव पाठवता येत नाही. याचा दोष मी एकट्या पोस्टग्रेसला देणार नाही, एसक्यूएलची, म्हणजे क्वेरी लिहायच्या भाषेची, घडणच तशी आहे.

पोस्टग्रेसला आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत, म्हणजे पीएसक्यूएलमध्ये, क्रॉसटॅबव्ह्यू नावाची आज्ञा आहे. 2016 च्या 9.6 आवृत्तीपासून ती मिळते आणि मला मनापासून आवडते. साधी तीन रकान्यांची क्वेरी लिहा, शेवटी ही आज्ञा द्या, गावं आडवी पसरतात. पण हे काम ती खिडकी करते, सर्व्हर करत नाही. माझ्या पायथनच्या स्क्रिप्टला ती मिळत नाही, म्हणून प्रिंटसाठी दुसरी वाट धरावी लागली.

ती वाट म्हणजे क्वेरीनेच क्वेरी लिहायची. आधी आठवड्यातली गावं काढायची, मग फॉरमॅट फंक्शनने प्रत्येक गावासाठी एक रकाना लिहायचा. इथे एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाळा: नाव नुसतं जोडू नका, त्यासाठी पर्सेंट-आय (%I) वापरा आणि मूल्यासाठी पर्सेंट-एल (%L). गावाचं नाव कोणीतरी मोबाइलवर टाइप केलेलं असतं. त्यात अवतरणचिन्ह असलं तर क्वेरी मोडते, आणि मुद्दाम काही घातलेलं असलं तर ते डेटाबेसवर चालतं. पर्सेंट-आय नावाला नीट अवतरणात बसवतं.

हे छान चाललं. मग मी प्रत्येक गावाचे वजन आणि रक्कम असे दोन रकाने केले: ‘वाघोदा बुद्रुक नवती केळी क्विंटल’ आणि ‘वाघोदा बुद्रुक नवती केळी रक्कम’. शनिवारी नानांनी कागदावर बोट ठेवून विचारलं, “ताई, वाघोद्याचं वजन कुठं गेलं?” तक्त्यात वजन नव्हतंच, नुसती रक्कम.

अर्धी रात्र शोधत बसले. पोस्टग्रेसमध्ये नावाची लांबी 63 बाइटपर्यंतच असते. इंग्रजीत 63 अक्षरं भरपूर झाली, पण देवनागरीत अक्षर, काना, वेलांटी, हलन्त सगळे वेगवेगळे मोजले जातात आणि प्रत्येकाचे तीन बाइट. म्हणजे जेमतेम एकवीस चिन्हं. माझी दोन्ही नावं कापली गेली ती नेमकी ‘वाघोदा बुद्रुक नवती केळ’ इथे, शेवटच्या वेलांटीच्या आधी. दोन रकाने, एकच नाव. पोस्टग्रेस नाव कापल्याची सूचना देतं, एरर देत नाही, आणि मी सूचना वाचतच नव्हते. स्क्रिप्टने ओळ डिक्शनरीत, म्हणजे एका नावाला एकच मूल्य ठेवणाऱ्या यादीत, भरताना दुसऱ्याने पहिल्याला पुसलं. चूक स्क्रिप्टची, पण मराठीत नावं देणाऱ्या प्रत्येकाने हा आकडा पाठ करावा, कारण ही मर्यादा आपल्याला इंग्रजीवाल्यांच्या तिपटीने लवकर गाठते.

आता मी गावांना रकाने करतच नाही. जेसन ऑब्जेक्ट ॲग हे नाव-मूल्याच्या जोड्या गोळा करणारं फंक्शन वापरून तारखेमागे एकच रकाना काढते, त्यात गाव आणि वजन जोडीने. तिथे गावाचं नाव हा डेटा असतो, त्यामुळे 63 बाइटचा फास सुटतो. डोक्यावरची नावं पायथन छापतं. एक सांभाळा: जेसनबी हा त्याचा दुसरा प्रकार घेऊ नका, त्यात कीज, म्हणजे इथे गावांची नावं, लांबीनुसार लावल्या जातात आणि ‘विवरे’ कायम ‘चिनावल’च्या आधी येतं. साध्या जेसनमध्ये ऑर्डर बाय दिला की आपला क्रम टिकतो, आणि नानांना गावं रस्त्याच्या क्रमानेच लागतात.

घाई असेल त्या दिवशी डकडीबी हा आणखी एक डेटाबेस उघडते. ते पोस्टग्रेसची टेबलं थेट वाचतं, आणि त्याचं पिव्हट एका ओळीत गावांचे रकाने करून देतं, नावं न सांगता. आत मात्र तेही आधी गावांची यादी काढतं आणि मग तक्ता करतं. म्हणूनच त्याचा व्ह्यू, म्हणजे नाव देऊन साठवलेली क्वेरी, करायला गेलात तर गावं लिहून मागतं.

रोजच्या नोंदींसाठी पोस्टग्रेस मी डोळे झाकून सुचवेन, फुकट आहे आणि दोन हंगामांत एक नोंद हरवली नाही. आपोआप रकान्यांसाठी म्हणून कोणी ते घेत असेल तर त्याला आधी क्रॉसटॅब उघडून दाखवेन. वाघोद्याचा रकाना सध्या ‘वाघोदा बु. क्विं.’ असा आहे. नानांना तो पटलाय, फक्त ‘क्विं.’ ठळक करून मागितलाय, तेवढं या शनिवारी करायचंय.