स्लेव्ह व्हॉयेजेस: गुलामांच्या व्यापाराची खातेवही

अटलांटिक महासागरातून झालेल्या गुलामांच्या व्यापाराचे आकडे मराठी लेखनात बहुधा एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात उतरत येतात. ते आकडे आले कोठून आणि बसवले कसे, हे ज्याला स्वतः तपासून पाहायचे आहे त्याने ‘स्लेव्ह व्हॉयेजेस’ हे संकेतस्थळ उघडावे. डेव्हिड एल्टिस आणि त्यांच्या सहकारी इतिहासकारांनी अनेक देशांच्या दप्तरांतून गोळा केलेली सुमारे २७ हजार सफरींची माहिती १९९९ मध्ये प्रथम सीडीच्या रूपात प्रसिद्ध झाली. २००८ मध्ये ती अटलांटाच्या एमरी विद्यापीठामार्फत सर्वांसाठी खुली झाली, आणि पुढे तिचा सांभाळ ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठाकडे गेला. आज तिच्यात १५१४ ते १८६६ या काळातील ३६ हजारांहून अधिक सफरी आहेत. वापरासाठी पैसे पडत नाहीत आणि हवी ती माहिती उतरवूनही घेता येते.

या संग्रहाची एक ओळ म्हणजे एका जहाजाची एक सफर. जहाजाचे नाव, निशाण, कप्तान, मालक, कोणत्या बंदरातून निघाले, आफ्रिकेच्या कोणत्या किनाऱ्यावर माणसे विकत घेतली, किती चढवली, कोठे उतरवली आणि किती उतरली, असे रकाने त्यात आहेत. अर्थात प्रत्येक ओळीत सगळे रकाने भरलेले नसतात. जेथे मूळ कागद मुके आहेत तेथे त्याच काळातील आणि त्याच मार्गावरील इतर सफरींवरून अंदाज बांधून आकडा बसवलेला असतो, आणि तो तसा बसवलेला आहे हे रकान्याच्या नावातच सांगितलेले असते. हा प्रामाणिकपणा मला या सेवेचा सर्वांत मोठा गुण वाटतो. मात्र घाईने पाहणाऱ्याच्या नजरेतून ही खूण सहज निसटते आणि अनुमानाचा आकडा नोंदलेला आकडा म्हणून उद्धृत होतो. अशीच गल्लत ‘सफरी’ आणि ‘अंदाज’ या दोन विभागांत होते. पहिल्यात फक्त सापडलेल्या सफरींची बेरीज मिळते, तर दुसऱ्यात न सापडलेल्या सफरी गृहीत धरून मांडलेला एकूण हिशेब. सुमारे १ कोटी २५ लाख माणसे जहाजांवर चढवली गेली आणि सुमारे १ कोटी ७ लाख पलीकडे जिवंत उतरली, हे सर्वत्र दिसणारे आकडे दुसऱ्या विभागातले आहेत.

नव्या वाचकाने सुरुवात याच विभागापासून करावी. आपल्यापैकी बहुतेकांच्या मनातले गुलामगिरीचे चित्र हॉलिवूडने रंगवलेले असते: अमेरिकेच्या दक्षिणेतले कापसाचे मळे, पांढऱ्या खांबांचा वाडा, घोड्यावरचा मुकादम. येथे उतरण्याच्या ठिकाणांनुसार तक्ता लावला की ते चित्र जागचे हलते. आजच्या अमेरिकेच्या भूमीवर आफ्रिकेतून थेट उतरवलेली माणसे ३ लाख ९० हजारांच्या आसपास भरतात, तर एकट्या ब्राझीलमध्ये ती ४८ लाखांच्या पुढे जातात. निशाणांनुसार पाहिले तर पोर्तुगाल आणि ब्राझीलच्या जहाजांनी सुमारे ५८ लाख आणि ब्रिटिश जहाजांनी सुमारे साडेबत्तीस लाख माणसे वाहून नेली. वर्षांनुसार आलेख काढला तर आणखी एक अस्वस्थ करणारी गोष्ट समोर येते. ब्रिटनने १८०७ मध्ये या व्यापारावर बंदी घातली आणि ब्राझीलने १८३१ मध्ये गुलामांची आयात बेकायदा ठरवली, तरी रिओच्या आसपासच्या किनाऱ्यांवर माणसे उतरतच राहिली. कायदा आणि व्यवहार यांच्यातील ही दरी या आलेखात जितक्या लवकर ध्यानात येते तितकी ती पाठ्यपुस्तकाच्या पानभर मजकुरातून येत नाही.

ठिपक्यांच्या रूपाने जहाजे आफ्रिकेकडून अमेरिकांकडे सरकताना दाखवणारा हलता नकाशा येथे सर्वाधिक पाहिला जात असावा, पण तो मला फारसा उपयोगाचा वाटला नाही. तो डोळ्यांना गुंतवतो आणि विचाराला मोकळे सोडतो. त्याऐवजी एखादी एकच सफर निवडून तिच्यापाशी थांबावे. उदाहरणार्थ, ‘झाँग’ हे लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांचे जहाज १७८१ मध्ये ४४२ माणसे घेऊन आफ्रिकेचा किनारा सोडून निघाले आणि जमैकाला २०८ जण पोहोचले. वजाबाकी २३४ ची. त्यांपैकी सुमारे १३० जणांना, पाणी संपत आल्याचे कारण सांगून, जिवंतपणीच समुद्रात टाकले गेले आणि मालकांनी ‘मालाच्या’ नुकसानीबद्दल विमा कंपनीकडे भरपाई मागितली. १७८३ मध्ये लंडनच्या न्यायालयात जो खटला चालला तो विम्याचा होता, खुनाचा नव्हे. चढलेले आणि उतरलेले यांतला फरक रोगाने मेलेल्यांना आणि फेकून दिलेल्यांना एकत्रच मोजतो. हा दोष संकलकांचा नाही, कारण हे आकडे ज्या कागदांतून आले ते व्यापारी, विमेदार आणि जकात अधिकारी यांनी आपापल्या सोयीसाठी ठेवलेले होते. म्हणून या संग्रहाच्या जोडीला एखादा चांगला इतिहासग्रंथ हाताशी असणे आवश्यक आहे.

माणसे आकड्यांतून बाहेर येतात ती आफ्रिकी नावांच्या विभागात. व्यापारावर बंदी आल्यानंतर नौदलाने पकडलेल्या जहाजांवरील लोकांची नोंद फ्रीटाउन आणि हवाना येथील न्यायालयांनी केली होती. त्या नोंदवह्यांतून ९१ हजारांहून अधिक व्यक्तींचे नाव, वय, लिंग आणि उंची येथे शोधता येते. कानावर पडलेले नाव फ्रीटाउनच्या कारकुनाने इंग्रजी वळणाने आणि हवानाच्या कारकुनाने स्पॅनिश वळणाने लिहिले, त्यामुळे आफ्रिकी भाषा जाणणाऱ्यांच्या मदतीशिवाय त्यांचा उलगडा होणे कठीण आहे. तरीही पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या नावापुढे त्याची इंचांतली उंची वाचताना एकूण बेरजेपेक्षा वेगळेच काही कळते. एवढ्या मोलाचा हा विभाग मुखपृष्ठावर अधिक ठळक असायला हवा होता.

वारशाच्या शोधात असलेल्यांनी मात्र येथे फार अपेक्षा ठेवू नये, कारण ही खातेवही जहाज किनाऱ्याला लागले की मिटते. पुढचा हिशेब लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने तयार केलेल्या, गुलामांच्या ब्रिटिश मालकांविषयीच्या संग्रहात मिळतो. ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी रद्द करणाऱ्या १८३३ च्या कायद्यान्वये दोन कोटी पौंडांची भरपाई मालकांना देण्यात आली आणि मुक्त झालेल्यांना काहीच मिळाले नाही. ती कोणाकोणाच्या हाती गेली हे तेथे नावानिशी पाहता येते. पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेल्या ग्लॅडस्टन यांचे वडील जॉन ग्लॅडस्टन त्या यादीत आहेत. त्यांनीच नंतर गयानातील मळ्यांसाठी भारतातून करारबद्ध मजूर मागवले, आणि ते १८३८ मध्ये तेथे उतरले.

संकेतस्थळ इंग्रजीखेरीज स्पॅनिश आणि पोर्तुगीज भाषांत वाचता येते. मोठे तक्ते मोबाइलवर नीट वाचता येत नाहीत, तेव्हा संगणकच वापरावा. मराठी वाचकाला खटकेल अशी मर्यादा भूगोलाची आहे. मोझांबिकहून ब्राझीलला गेलेली जहाजे अटलांटिकच्या या संग्रहात सापडतात, पण त्याच मोझांबिकहून पोर्तुगीजांनी गोवा, दमण आणि दीव येथे आणलेली माणसे त्याच्या कक्षेत येत नाहीत. इथिओपियातून पुन्हा पुन्हा विकले जात निजामशाहीपर्यंत पोहोचलेल्या मलिक अंबरसारख्यांचा मार्गही त्यात नाही. त्यासाठी अजूनही पणजीच्या पुराभिलेखागारातील पोर्तुगीज दप्तरे आणि दख्खनच्या फारसी तवारिखा यांच्याकडेच वळावे लागते.