नवी पेठेतल्या एका दुकानात चिनी फुलांचा प्रिंट करून घेतला, लै छान काम

युन शोउपिंग या जुन्या चिनी चित्रकारानं काढलेल्या पियोनी फुलांच्या चित्राचा प्रिंट काढून फ्रेम करून घेतला, १२ बाय १८, सगळं धरून ९५० रुपये. याआधी दुसरीकडं काढला होता तर त्यांनी चकचकीत कागद वापरला, वर फोटो शार्प करून दिला, पाकळ्यांच्या कडा कात्रीनं कापल्यासारख्या झाल्या. ते पैसे वाया गेले.

आता कडांचं एवढं काय, तर युनची सगळी कला तिथंच आहे बघा. मी चादरीची डिझाईन काढतो, आमच्यात ग्राफवर आधी फुलाची आउटलाईन पक्की करायची मग एकेक घर रंगानं भरत जायचं. युन ती रेघच काढत नाही. शाईची बाहेरची ओळ नाहीच, सरळ पातळ रंग, एक ओला असतानाच त्यात दुसरा, आणि पाकळी कुठं संपली ते रंग विरत गेला त्यावरून कळतं. याला मोगू म्हणतात, बिनहाडाचं चित्र, म्हणजे बाहेरची रेघ हेच हाड. पद्धत जुनी, ११व्या शतकातल्या शू चोंगसी या चित्रकाराच्या नावावर आहे, पण ती परत जिवंत केली युननं.

जन्म १६३३, गाव छांगचौ. घरचे मिंग या जुन्या राजघराण्याच्या बाजूचे, पोरवयात लढाईत त्यांची जागा घेणाऱ्या छिंग घराण्याच्या सैन्याच्या हाती लागला, एका मोठ्या अधिकाऱ्याच्या घरी दत्तक गेला, आणि पुढं हांगचौच्या लिंगयिन मंदिरात बापलेकाची भेट झाली असं सांगतात. छिंगची नोकरी कधी केली नाही, चित्रं विकून घर चालवलं. आधी डोंगर-नद्या काढायचा, पण मित्र वांग हुई त्यात आपल्यापेक्षा सरस आहे म्हणून फुलांकडं वळला अशी गोष्ट आहे. मला ती फार आवडते, मित्राचं मोठेपण मानून स्वतःची वाट शोधायची म्हणजे किती मोठं मन लागतं. १६९० ला गेला.

तर दुकानाचं. मालकांना म्हणलं "मालक, कडा अजिबात वाढवू नका", त्यांनी ऐकलं, आधी मॅट कागदावर छोटा तुकडा काढून दाखवला, गुलाबी जरा भडक वाटला तर कमी करून परत काढला, त्याचे वेगळे पैसे नाहीत. काच मात्र साधी आहे, ट्यूबलाईट त्यात दिसते. चार दिवस म्हणाले, सहा लागले. फाईल मोठी घेऊन जा, व्हॉट्सॲपवर आलेली चालत नाही.