कोर्ग मिनीलॉग एक्सडी: एक उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

दिवाळीच्या सुमारास घेतलेला हा सिंथ (सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारं चाव्यांचं वाद्य) तेव्हापासून रोज चालू आहे. मध्ये अमळनेरचा उन्हाळा येऊन गेला, त्यामुळे आता त्याच्याबद्दल खात्रीने लिहिता येईल. माझं काम छोटं आहे. घरातल्या एका खोलीत अहिराणी गाण्यांचे ट्रॅक बनवतो, श्रावणात आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या गाण्यांना संगीत देतो, एरवी लग्नाच्या व्हिडिओंसाठी धून करतो. इतकी वर्षं सगळं लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअरवर चाललं. हा माझा पहिला हार्डवेअर सिंथ.

खोलीत येणारा प्रत्येक वादक आधी एकच विचारतो, "भाऊ, यामा ढोलकी कोठे शे?" ढोलकी नाही, सनई नाही, बासरी नाही, रिदम तर नाहीच. ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्यांच्या हातात बहुतेक वेळा रोलंड एक्सपीएस-१० हा कीबोर्ड असतो. पेन ड्राइव्हवरून सॅम्पल (खऱ्या वाद्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज) भरायचे, बटण दाबायचं, सनई तयार. मिनीलॉग एक्सडीचं काम वेगळं. प्रत्येक स्वरामागे दोन अॅनालॉग ऑसिलेटर (मूळ लहर तयार करणारी सर्किट), तिसरं डिजिटल मल्टी इंजिन, मग लहरीतला काही भाग गाळणारा फिल्टर, आवाज जाड-खरखरीत करणारा ड्राइव्ह, इफेक्ट. सॉटूथ (करवतीच्या दातांसारखी) किंवा चौकोनी लहर घ्यायची आणि ती घासून-तासून आपला आवाज काढायचा. त्यात मजा येत असेल तरच पैसे घाला.

निवड करताना पुण्यात जाऊन दोन-तीन यंत्रं हाताळली, कारण इकडे सिंथ दुकानात मांडून ठेवलेला मला दिसला नाही. आर्ट्युरियाचा मायक्रोफ्रीक स्वस्त आणि डोकेबाज आहे, पण त्याला चाव्याच नाहीत, स्पर्शाने चालणारी सपाट पट्टी आहे. हार्मोनियमवर वाढलेल्या बोटांना ती परकी वाटते. शिवाय त्याचं आउटपुट मोनो. तिथे एक गोष्ट पक्की कळली: दुकानात हेडफोन लावले की प्रत्येक सिंथ भारीच वाजतो. म्हणून मी आवाजावर भुललो नाही, यंत्र उलटं फिरवून मागची बाजू बघितली. एक्सडीच्या मागे डावं-उजवं असं स्टिरिओ आउटपुट, हेडफोन, डॅम्पर पेडलची जागा, यूएसबी आणि गोल पाच पिनांचे मिडी इन व मिडी आउट आहेत (मिडी म्हणजे वाद्यांनी एकमेकांना सूचना पाठवण्याची भाषा). या गोल सॉकेटनेच माझा निर्णय केला. का ते पुढे.

आधी एक गैरसमज. यूएसबीची वायर लावली की आवाज लॅपटॉपमध्ये जातो असं बऱ्याच जणांना वाटतं. या सिंथच्या यूएसबीतून फक्त मिडी जातं, म्हणजे कोणती चावी, किती जोरात, कोणती खुंटी किती फिरली एवढीच माहिती. आवाजासाठी ऑडिओ इंटरफेस (वाद्याचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी पेटी) लागतोच, आणि तोही दोन लाइन इनपुटचा. ६.३५ मिलिमीटरच्या दोन वायरी, डावी एकात, उजवी दुसऱ्यात. इंटरफेसवर 'इन्स्ट्रुमेंट' असं बटण असेल तर ते बंद ठेवा, ते गिटारसाठी असतं. सिंथचा व्हॉल्यूम पाऊणपर्यंत, मग इंटरफेसचा गेन (आत येणाऱ्या आवाजाची पातळी) असा की सर्वांत जोरदार सूरही उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील. २४ बिटमध्ये रेकॉर्ड करताना काटा लालपर्यंत नेण्याची गरज नसते.

आता आवाजातली किरकिर. यूएसबी लावल्यावर स्पीकरमधून बारीक चिरचिर येते, माउस हलवला की तिचा सूर बदलतो. असं झालं की लोक सिंथ खराब म्हणून दुकानदाराशी भांडायला लागतात. सिंथचा त्यात दोष नसतो. लॅपटॉपमधून यूएसबीने सिंथला ग्राउंड मिळतो, तोच सिंथच्या ऑडिओ वायरीतून इंटरफेसकडे जातो आणि इंटरफेसच्या यूएसबीने परत लॅपटॉपला मिळतो. असं रिंगण पूर्ण झालं की लॅपटॉपमधली सगळी खडखड त्यात फिरते. परीक्षा सोपी आहे: सिंथची यूएसबी वायर काढा. चिरचिर थांबली तर रिंगणच होतं.

इथे गोल सॉकेट कामी येतो. १९८३ मध्ये मिडी बाजारात आलं तेव्हापासून त्याच्या इनपुटला ऑप्टोकप्लर असतो. आत एक छोटा दिवा लुकलुकतो आणि समोरचा सेन्सर तो बघतो, दोन यंत्रांमध्ये विजेची थेट जोडणी होतच नाही. मी इंटरफेसच्या मिडी आउटमधून सिंथच्या मिडी इनमध्ये आणि उलट, अशा दोन वायरी टाकल्या आहेत. यूएसबी फक्त प्रोग्रॅमची बॅकअप घेताना लावतो. चाळीस वर्षं जुनी वायर आजच्या वायरीपेक्षा शांत चालते, हे सांगितलं की पोरं हसतात.

घरचं अर्थिंगही तपासून घ्या. इकडे मार्चनंतर जमीन तडकते आणि अर्थिंगच्या खड्ड्यातली माती कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होतं. आमच्या वायरमनने मीठ-कोळशाच्या त्या खड्ड्यात उन्हाळाभर अधूनमधून बादलीभर पाणी ओतायला सांगितलं आहे, ते इमानाने करतो. घुंई थांबवण्यासाठी प्लगची तिसरी पिन तोडण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. त्यांचं ऐकू नका. किरकिर जाईल, पण शॉक लागायचा उरतो. लाइट गेल्यावर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर काम केलं तर भुणभुण येतेच, रेकॉर्डिंगसाठी साइन वेव्हच हवा. आणि सिंथचा अॅडॅप्टर ९ व्होल्टचा, मधली पिन धन असलेला आहे. गिटार पेडलचे ९ व्होल्टचे अॅडॅप्टर बहुधा याच्या उलट असतात, एकाच डब्यात ठेवत असाल तर चिठ्ठी चिकटवा.

उन्हाळ्याची मला धास्ती होती. अॅनालॉग ऑसिलेटर तापमानाबरोबर सरकतो आणि मे महिन्यात आमची पत्र्याखालची खोली दुपारी भट्टीच असते. एक्सडी स्वतः ट्यूनिंग सांभाळतो, तरी चालू केल्यावर थोडा वेळ तापू देतो, मग हाताने एकदा ट्यून करून घेतो आणि तेव्हाच रेकॉर्ड करतो. उन्हाळाभर बेसूर झाल्याची तक्रार करायला त्याने जागा दिली नाही. उलट एक फायदा झाला. गायकाचा माइक लावला की कुलर बंद करावा लागतो, रेल्वेची मालगाडी जाईपर्यंत थांबावं लागतं. सिंथ वायरीतून थेट जातो, त्याला कुलर ऐकू येत नाही. मे महिन्यातलं निम्मं काम मी कुलर पूर्ण वेगावर ठेवून केलं. फक्त कुलरचा प्लग वेगळ्या बोर्डवर आहे, मोटर चालू-बंद होताना टक्क असा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येऊ नये म्हणून.

कानबाईची गाणी म्हणणाऱ्या बाया कुठल्याही पट्टीला बांधलेल्या नसतात. एकीने सूर धरला की बाकीच्या तिच्या मागे. तो सूर काळी दोन आणि पांढरी तीन यांच्या मधे कुठेतरी असतो. सॉफ्टवेअरमध्ये बायांचा आवाज ओढून पट्टीत बसवता येतो, पण त्यात गाण्याचा जीव जातो. मी सिंथचं मास्टर ट्यून बायांच्या सुरावर आणतो. मायक्रो ट्यूनिंगही आहे, एकेक स्वर सेंटमध्ये (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) वरखाली करून आपली सप्तकं साठवता येतात. थोडा उतरलेला गंधार लावल्यावर त्यांच्यातली म्हातारी म्हणाली की आता पेटी गाते. माझ्यासाठी या खरेदीचं सर्वांत मोठं मोल इथे वसूल झालं.

बेसबद्दल एवढंच: लोक गाणी मोबाइलवर ऐकतात, तिथे खालचा गडगडाट पोचतच नाही. ड्राइव्ह टाकून वरचे हार्मोनिक (मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर) उभे केले की तोच बेस छोट्या स्पीकरवरही कळतो आणि डीजेच्या गाडीवर पण घुमतो.

मर्यादाही आहेत. एका वेळी चारच स्वर वाजतात, लांब रिलीज (चावी सोडल्यावर स्वर रेंगाळण्याचा वेळ) ठेवला की आधीचा स्वर कापला जातो. एका वेळी आवाजाचा प्रकारही एकच. बेस आणि लीड दोन्ही हवे तर एक आधी रेकॉर्ड करायचा, मग दुसरा. डीएडब्ल्यूमधून (लॅपटॉपमधल्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधून) मिडी परत सिंथकडे येत असेल तर 'लोकल' (सिंथच्या चाव्यांची त्याच्याच आवाजाशी असलेली जोडणी) बंद करा, नाहीतर एक चावी दोनदा वाजते आणि चारातले दोन स्वर तिथेच खर्ची पडतात. चाव्या ३७ आणि अरुंद आहेत, जाड बोटांना पहिला महिना सवयीचा जातो. आफ्टरटच (चावी दाबून ठेवून आणखी जोर दिल्यावर आवाज बदलण्याची सोय) नाही. गमकासारखं काही काढायचं तर जॉयस्टिक आहे, पण त्याला हात बसवावा लागतो.

बरेच जण विचारतात, एक्सपीएस विकून हा घेऊ का? लग्नसराईत स्टेजवर वाजवत असाल तर अजिबात विकू नका. नवरदेव मांडवात आल्यावर सनई लगेच वाजली पाहिजे, तिथे ऑसिलेटर तासत बसायला कोणी वेळ देत नाही. घरी ट्रॅक बनवत असाल, चार-सहा महिने एकाच यंत्राशी झटायची तयारी असेल, तर घ्या. आणि सिंथच्या बजेटमध्ये दोन बऱ्या ऑडिओ वायरी, दोन मिडी वायरी आणि एक धूळकव्हर आधीच धरा. कापसाच्या हंगामात जिनिंगकडून उडत येणारा कचरा खुंट्यांच्या फटीत अडकतो, तो मी रंगाच्या मऊ ब्रशने काढतो.